सात नंबरचा नमुना

मागच्या दिवाळीच्या आधी मला एक फोन आला. शाळेतली माझी वर्गमैत्रीण. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकजवळच्याच एका शाळेत ती आता विज्ञान शिकवते. फोनवर तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "या वर्षी माझी मुलं मातीवर प्रकल्प करतायत. आपली २०१० ची नोंदवही तुझ्याकडं आहे ना? जुने आकडे मिळाले तर मुलांना तुलना करता येईल."

वही माझ्याकडेच होती. घरी माळ्यावरच्या ट्रंकेत. सुट्टीला गेल्यावर काढली. दोनशे पानी वही, वर खाकी कव्हर, आत पाच जणांचं पाच प्रकारचं अक्षर. चौदाव्या पानावर तक्ता आहे. मातीचे बारा नमुने, प्रत्येकापुढे दोन आकडे. सहाच्या ओळीनंतर एक ओळ निळ्या पेनानं इतकी गिरवली आहे, की कागद फाटायला आलाय. त्याच्या खाली आठ.

गिरवणारा मी होतो. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. पण ती ओळ कळायची तर दोन इतिहास सांगावे लागतील. एक पाच-पाच पोरांच्या गटांनी आपल्या गावाचं पर्यावरण तपासायचं, या स्पर्धेचा. दुसरा आमच्या मातीचा.

पाच जणांचा गट

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शेतजमिनीच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या स्थानिक कार्यालयांनी हायस्कूलच्या मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. नाव ठेवलं 'पर्यावरण ऑलिंपिक्स'. पुढे ती 'एन्व्हायरोथॉन' म्हणून बाकीच्या राज्यांत आणि कॅनडातही पसरली. पाच मुलांचा एक गट. माती, पाणी, जंगल, वन्यजीव आणि त्या वर्षीचा एखादा चालू प्रश्न, असे विषय. परीक्षा बऱ्याचदा वर्गात न होता बाहेर रानात. खड्डा खणलेला असतो, त्यात उतरून मातीचे थर ओळखायचे. मग सगळ्या गटानं मिळून एका प्रश्नावर उपाय मांडायचा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापन झाली. १९८७ मध्ये 'भारत जन विज्ञान जथा' निघाला. देशाच्या पाच टोकांकडून निघालेले पाच जथे गावोगाव गाणी, नाटकं, पोस्टर, भाषणं करत भोपाळला जमले. भोपाळच का, हे वेगळं सांगायला नको. वायुकांडाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. विज्ञान म्हणजे फक्त प्रयोगशाळा नाही, आपल्या दारातल्या हवेपाण्याचा प्रश्नही विज्ञानाचाच आहे, हा त्या चळवळीचा सूर होता.

त्याच वातावरणात, १९९० च्या सुमारास, ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्रानं मध्य प्रदेशात मुलांची विज्ञान परिषद भरवायला सुरुवात केली. १९९३ मध्ये ती कल्पना देशपातळीवर उचलली गेली आणि 'राष्ट्रीय बालविज्ञान परिषद' सुरू झाली. १० ते १७ वर्षांची मुलं. शाळेत जाणारी तर चालतातच, पण शाळा सुटलेलीही चालतात. हा नियम मला आजही फार आवडतो. आधी पाच जणांचा गट असायचा, नंतरच्या काळात तो दोघांवर आला. आधी जिल्हा, मग राज्य, मग देश. महाराष्ट्रात या कामाचं समन्वयन ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टनं बरीच वर्षं केलं.

आमच्या वेळी शाळेत दुसऱ्याही परीक्षा होत्या. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा होती, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. तिथे हुशार पोरगं एकटं बसतं, एकटं पास होतं. इन्स्पायर अवॉर्ड तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. तिथे मॉडेल एकट्याच्या नावावर असतं. बालविज्ञान परिषदेत तसं नव्हतं. तिथे मॉडेल चालायचं नाही. थर्माकोलचं धरण आणि निळा रंग दिलेली नदी चालायची नाही. आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा, गटानं मिळून दोन-तीन महिने मोजमाप करायचं, रोजची नोंद एका वहीत ठेवायची आणि ती वही परीक्षकासमोर ठेवायची.

दर दोन वर्षांनी मुख्य विषय बदलायचा. २००४-०५ ला पाणी, २००६-०७ ला जैवविविधता, २००८-०९ ला पृथ्वी. २०१० आणि २०११ साठी विषय आला 'भूसंपदा'. समृद्धीसाठी वापरा, पुढच्या पिढीसाठी राखा, असं त्याचं सूत्र होतं. मी तेव्हा आठवीत होतो.

बारा पिशव्या

आमच्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणायचा तर सोपा आहे. वरच्या अंगाला नीरा डावा कालवा, खालच्या अंगाला नीरा नदी, मधे ऊस. एका हाताला सोमेश्वरचा साखर कारखाना, दुसऱ्या हाताला माळेगावचा. जमीन कालव्याकडून नदीकडे उतरत जाते आणि त्या उतारावरून पावसाळ्यात ओढे वाहतात. किंवा वाहायचे.

सरांनी विषय सांगितल्यावर गटातल्या एकानं सुचवलं, "चोपण रानं मोजू." आमच्याकडे हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. उन्हाळ्यात रानावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर येतो, ती खारवट जमीन. पावसात चिकट होते आणि वाळली की दगडासारखी, ढेकूळ फुटत नाही, ती चोपण. काही रानं दोन्ही असतात. अशा रानात ऊस उगवतो, पण गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो.

ज्या वर्गमैत्रिणीचा फोन आला, तीच आमची गटप्रमुख होती. मोजमापात ती कडक. कालव्यापासून नदीकडे सरळ रेघ धरायची आणि त्या रेघेवरच्या बारा रानांतून माती घ्यायची, हे तिनं ठरवलं. नमुना घ्यायची रीत सरांनी शिकवली होती. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा. रानात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा. खड्ड्याच्या कडेची माती तासून घमेल्यात गोळा करायची. मग तिचा ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन परत मिसळायचे. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. बांधाच्या कडेची, खताच्या ढिगाखालची, झाडाखालची माती घ्यायची नाही.

रविवारचे चार दिवस त्यात गेले. बारा पिशव्या भरल्या. तपासायला सर त्या बारामतीच्या बाजूला घेऊन गेले आणि आकडे घेऊन आले. प्रत्येक पिशवीचे दोन आकडे. एक सामू, म्हणजे माती आम्ल की विम्ल. दुसरा विद्युतवाहकता, म्हणजे मातीत विरघळणारे क्षार किती. साडेआठच्या वर सामू गेला की चोपणाची शंका घ्यायची. मातीच्या अर्काची वाहकता चारच्या वर गेली की जमीन खारवट.

कालव्याच्या खालच्या पहिल्या दोन रानांत वाहकता थोडी जास्त होती. पुढे ती कमी होत गेली. पाच नंबरला परत वाढली. सहा नंबर, म्हणजे गटप्रमुखाच्या घरचं रान, तिथे आणखी वाढली. आणि सात नंबरला सगळ्यात जास्त. सामू ८.९, वाहकता ५.८. आठपासून पुढे परत उतरण.

सात नंबर म्हणजे आमच्या रानाचा खालचा कोपरा, ओढ्याकडचा.

मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आण्णा, आपलं रान पहिलं आलं!" आण्णा जेवत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं, ताईचं बघायचं चाललंय. सोसायटीत कर्जाचा कागद टाकलाय. आपल्या रानाचं असं चारचौघांत लिवून ठिवायचं काय अडलंय? अकरा हायेत की. त्येवढं दाखव."

मी तेरा वर्षांचा होतो. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी वही माझ्याकडे असताना मी सातवी ओळ गिरवली. नंबर बदलून सलग करायचं मात्र मला सुचलं नाही. गटाला सांगितलं की पिशवी फुटून दुसऱ्या मातीत मिसळली होती, म्हणून तो आकडा धरायचा नाही. कुणी काही बोललं नाही. गटप्रमुखानं एकदा माझ्याकडं बघितलं, तेवढंच.

अकरा आकड्यांवर आम्ही निष्कर्ष लिहिला: कालव्याच्या पाझरामुळे जमीन क्षारपड होते.

जिल्हा पातळीवर परीक्षक म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पोस्टरकडे फार बघितलं नाही. वही उघडली, चौदाव्या पानावर थांबले. "सात कुठंय?" गटप्रमुख म्हणाली, "सर, तो नमुना खराब झाला." ते म्हणाले, "बरं. पण पाझर कालव्याचा आहे म्हणता, तर कालव्यापासून इतक्या लांब पाच आणि सहाला क्षार परत का वाढले? त्याचं उत्तर सातमध्ये असणार, बाळा. परत का नाही घेतला?"

तिच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं. मी गप्प बसलो. आम्ही पुढे गेलो नाही.

आमच्या आधी शंभर वर्षं

इंजिनिअरिंगला पुण्यात आल्यावर एकदा रात्री हॉस्टेलवर इंटरनेटवर काहीतरी शोधताना मला एका पुस्तिकेचं नाव दिसलं आणि मी उठून बसलो. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याची पत्रिका, साल १९१०. लेखक हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे. विषय: नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी.

१९१०! आम्ही पिशव्या घेऊन फिरलो त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी कुणीतरी आमच्याच खोऱ्यातल्या मातीचे क्षार मोजले होते. आम्हाला वाटलं होतं आम्ही पहिलेच.

मग मी मागं मागं जात राहिलो. डावा कालवा सुरू झाला तो दुष्काळात. १८७६-७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ. माणसं अन्नाला मोताद झाली होती, तेव्हा दुष्काळी काम म्हणून या कालव्याची खोदाई झाली. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटलं. भोरकडच्या भाटघरला धरण बांधून पाण्याची सोय झाली. कोरडवाहू बारामतीत ऊस आला, गुऱ्हाळं आली. आज आमच्या भागाचं जे काही बरं दिसतं, त्याची मुळं त्या उपाशी माणसांनी खणलेल्या चरात आहेत. माझी फी त्याच उसाच्या बिलातून गेली.

पण पाणी आणायची सोय झाली आणि पाणी घालवायची राहिली. काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. वरून पाट चालू, रान कायम ओलं, खालचं पाणी वर वर यायला लागतं. ते पाणी मातीतले आणि खडकातले क्षार विरघळवून आणतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. चहाच्या भांड्यात पाणी आटवलं की तळाला पांढरं राहतं, तेच. यात कालव्याचा पाझर हे एक कारण झालं. अति पाणी हे दुसरं. आणि साठलेल्या पाण्याला वाट नसणं हे तिसरं.

हे त्या काळच्या लोकांना कळलं नव्हतं असं नाही. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. कालव्याखालच्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे, प्रत्येक गटात एक तृतीयांशाच्या वर ऊस घ्यायचा नाही, बाकी पिकं आळीपाळीनं फिरवायची. म्हणजे पाणी जास्त गावांना पोचेल आणि एकाच रानात ते मुरत बसणार नाही. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं सिंचनाच्या अशाच प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. त्याचीच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. १९३२ मध्ये आमच्यापासून जवळच, नदीपलीकडे पाडेगावला, ऊस संशोधन केंद्र निघालं. आज आमच्या भागात जो को ८६०३२ ऊस सगळीकडे दिसतो, तो १९९६ मध्ये तिथूनच प्रसारित झाला. त्याचं दुसरं नावच 'नीरा'.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं या मातीवर देशातली चांगली डोकी चालली. तरी उन्हाळ्यात आमचं रान पांढरं पडतंच. का?

त्या उत्तराचा एक तुकडा माझ्या घरातच होता.

ओढा

चोपण रान सुधारायचे उपाय पुस्तकात लिहिलेले आहेत. पाणी कमी द्या, ठिबक करा. ताग, धैंचा गाडा. चोपण असेल तर जिप्सम टाका. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते, निचरा. चर खणा, नाहीतर जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाका, म्हणजे साठलेलं पाणी क्षार घेऊन बाहेर पडेल. आणि इथेच सगळं अडतं. कारण माझ्या रानातलं पाणी बाहेर काढायचं म्हणजे ते कुठंतरी जायला पाहिजे. तुमच्या रानातून पुढे ओढ्यात, ओढ्यातून नदीला. जिप्सम एकट्याला टाकता येतं. निचरा एकट्याला करता येत नाही.

हे वाचताना मला आमचा खालचा कोपरा आठवला. लहानपणी तिथे ओढा होता. आज्जी तिथे गोधड्या धुवायची. मी तिसरी-चौथीत असताना आण्णांनी ट्रॅक्टर लावून काठाची माती आत ढकलली, ओढा अरुंद केला आणि दोन-तीन गुंठे रान वाढवलं. वाढलेल्या रानात ऊस लावला. तेव्हा सगळेच करत होते. वरच्या अंगाच्या लोकांनी पण केलं, खालच्यांनी पण. पण आमच्या कोपऱ्यात ओढा जवळजवळ बुजलाच.

आता तक्ता परत बघा. सात नंबरला वाट बंद. त्याच्या वरचं पाणी तुंबून मागे सरकणार. सहाला वाढ, पाचला थोडी कमी वाढ. परीक्षकांनी न बघता सांगितलं होतं ते हेच. सातचा आकडा तक्त्यात असता तर आमचा निष्कर्ष बदलला असता. कालव्याला दोष देऊन आम्ही मोकळे झालो नसतो. आणि गटप्रमुखाच्या घरचं रान दरवर्षी पिवळं का पडतं, याचं कारण तिच्या वहीत लिहिलेलं असतं.

मला इतकी वर्षं वाटत होतं, की मी आमच्या रानाची किंमत लपवली. खरं तर मी तिच्या रानाचं निदान लपवलं होतं.

आण्णांना हे तेव्हाच माहीत होतं का? मला वाटतं, होतं. ताईचं लग्न आणि कर्ज ही खरीच कारणं होती. पण ओढ्याचं कारणही होतं.

डिसेंबर २०१६

२०१६ च्या डिसेंबरात एक गंमत झाली. ज्या परिषदेत आम्ही जिल्ह्यातच गळालो, तिचं चोविसावं राष्ट्रीय अधिवेशन थेट बारामतीत भरलं. २७ ते ३१ डिसेंबर, विद्या प्रतिष्ठानच्या आवारात. विषय होता शाश्वत विकासासाठी विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम. मी सुट्टीला गावी आलो होतो. नोटाबंदीला दोन महिनेही झाले नव्हते, एटीएमपुढे रांगा होत्या. मी एका मित्राच्या मागे बसून बारामतीला गेलो.

देशभरातली मुलं तिथे होती. कुणी आपल्या गावच्या विहिरींवर काम केलेलं, कुणी भाताच्या किडीवर, कुणी कचऱ्यावर. दुभाष्या असल्यासारखे शिक्षक मधे मधे. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते दोन मुलींचं पोस्टर. गावाचं नाव आता आठवत नाही. त्यांच्या तक्त्यात एका ओळीला लाल चौकट होती आणि बाजूला लिहिलं होतं, की हे वाचन आमच्या चुकीमुळे गेलं, परत घ्यायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे इथला निष्कर्ष कच्चा आहे. चूक लपवलेली नव्हती, उलट रंगवून दाखवली होती. आणि त्या देशपातळीपर्यंत आल्या होत्या.

मी त्या पोस्टरपुढे बराच वेळ उभा होतो. त्यातल्या एकीनं हिंदीत विचारलं, "भैया, कुछ पूछना है?" मी म्हणालो, नाही.

या स्पर्धेत सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. अनेक शाळांत प्रकल्प सर करतात आणि मुलं पाठ करतात. एका जिल्ह्याचा अहवाल दुसऱ्या जिल्ह्यात नावं बदलून जातो. नंबर आला की पेपरात फोटो, नाही आला की वही ट्रंकेत. बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी शोधलेल्या गोष्टी ग्रामपंचायतीच्या टेबलापर्यंत पोचवायची वाट बहुतेक ठिकाणी कुणी बांधलेली नसते. मुलांना गावाचं पर्यावरण तपासायला सांगायचं आणि तपासून झाल्यावर प्रमाणपत्र देऊन घरी पाठवायचं. इथेही निचऱ्याचाच प्रश्न आहे.

तरी दोन नियम मला अजूनही मोठे वाटतात. प्रश्न आपल्याच गावातला पाहिजे आणि काम गटानं केलं पाहिजे. हे दोन एकत्र आले की पोरांवर एक अवघड वेळ येते. तुमचा प्रश्न आणि तुमच्या मित्राच्या बापाचं रान एकाच तक्त्यात येतं. पेनसिल्व्हेनियातल्या खड्ड्यात उतरून मातीचे थर ओळखणाऱ्या पोरांना तो खड्डा कुणाच्या मालकीचा आहे याची काळजी नसते. आमच्याकडे प्रत्येक पिशवीला सातबारा असतो.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात लॉग नावाची चीज असते. सिस्टिम काय काय करते त्याची ओळीमागून ओळ नोंद. काही बिघडलं की पहिल्यांदा लॉग उघडायचा. सगळ्यात वाईट लॉग चुकीचा नसतो, मधली ओळ उडवलेला असतो. कारण मग तुम्ही भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसता. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. चौदाव्या पानानं शिकवलं.

वही परत

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्या घरी गेलो. चहा झाला. पान उघडून मी सांगितलं, पिशवी फुटली नव्हती. आकडा काय होता तेही सांगितलं. तो मला पाठ आहे.

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. पिशव्या मीच मोजून दिलेल्या. फुटलेली एक पण नव्हती."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुझ्या घरचं होतं." मग थोडं थांबून, "माझ्या पप्पांनी पुढं तीन वर्षं त्या रानात जिप्सम टाकलं. काही फरक पडला नाही. शेवटी रान पडीक टाकलं."

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. तिनं वही घेतली, पानाचा फोटो काढला आणि गिरवलेल्या ओळीच्या बाजूला पेन्सिलीनं माझ्याकडून दोन्ही आकडे लिहून घेतले. "आता मुलांना परत बाराही नमुने घ्यायला लावते. तुमच्या रानात येऊ का?"

"आण्णांना विचारावं लागेल," मी म्हणालो. सत्याची एवढी भाषा करूनही माझ्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघालं.

रात्री आण्णांना विचारलं. ओढ्याचं पण बोललो. पहिल्यांदाच. ते चिडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या वक्ताला दोन गुंठं लई वाटायचं. आता त्यातलं एक गुंठाबी पिकत न्हाय." आणि उठून झोपायला गेले. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी पोरं आली. पाच जण, दोन मुली, तीन मुलगे. घमेली, खुरपी, पिशव्या. एका मुलीनं व्ही आकाराचा खड्डा इतका नीट घेतला की बघत राहावं. वरच्या वाफ्यातून माती घेऊन ते निघायच्या बेतात होते. बांधावर बसलेले आण्णा उठले, एकाच्या हातातलं खुरपं घेतलं आणि उसातून ओढ्याच्या बाजूला चालायला लागले.

"हिकडं या," ते म्हणाले. "खालच्या कोपऱ्यातली पण घ्या. खरं त्या तिथं हाय."